चोवीस चुण्या

"चाची, हिरवं कापड पाह्यजे. जल्दी!" रामराव मास्तर उंबऱ्यातूनच म्हणाले. "केसरी अन् पांढरं हाये घरात. उद्या कचेरीवर तिरंगा चढवायचाय."

अकबरबी निळीचा रांजण ढवळत होती. हिंदुस्थानची फौज जालन्यात शिरल्यापासून अंबडचा बाजार बंद होता.

"हिरवं कुठलं, मास्तर? एकच कापड राह्यलंय. ते बी पिवळं."

पेटीतून तिने ते काढले. निजामाच्या झेंड्याचे पिवळे कापड, मधोमध भाकरीसारखा पांढरा गोल. कचेरीचे झेंडे हयातभर तिच्या नवऱ्याने, ख्वाजामियाँनी रंगवले. मधला गोल ते दोऱ्याने असा आवळत, की रंग आत शिरायचाच नाही. हे त्यांच्या हातचे शेवटचे.

"पिवळं निळीत बुडवलं की हिरवं व्हतं," ती म्हणाली आणि कापड मांडीवर घेऊन बसून राहिली.

मास्तर ओशाळले. "राहू द्या चाची. चाचांची याद हाये."

"ते असते तर म्हणले असते, पेटीसाठी रंगवलं का म्या?" ती हसली. "मधात चरखाच ना?"

"न्हाई. आता चक्र. निळं, चोवीस आऱ्यांचं."

"अगं माय! बैलगाडीला बारा पुरतात."

तिने पांढऱ्या गोलाचे आधी तीन भाग दुमडले, मग प्रत्येकाचे दोन, पुन्हा दोन, पुन्हा दोन. चोवीस चुण्या. दोऱ्याचे जुने वळ कापडात तसेच होते. बोटे त्यांच्यावरून आपोआप फिरली. तिथेच नवा दोरा आवळून तिने कापड निळीत बुडवले.

रांजणातून वर आले तेव्हा कापड पिवळटच होते. मग त्याला वारा लागला आणि कडेकडेने हिरवे उगवू लागले, कोंब फुटलेल्या रानासारखे. मास्तर वाकून पाहू लागले. दोरा सुटला. पांढऱ्यावर निळ्या रेघा फाकल्या.

"...बावीस, तेवीस, चोवीस. बराबर, चाची!"

तिने स्वतःच कात्री घेतली. खालचा हिरवा पट्टा कापला, मग पांढऱ्या पट्ट्यावर शिवायला मधले चाक.

सकाळी कचेरीकडून जयघोष ऐकू आला. अकबरबी अंगणात उरलेले कापड दोरीवर घालत होती. मधल्या वाटोळ्या भोकातून आभाळ सरकत होते. भोकाच्या काठावरून तिने हळूच बोट फिरवले. दोऱ्याचे वळ तिथे अजून लागत होते.