आर्नेलला मेल

“काका, हें पत्र न्हय, ही नोटीस जाली,” सिद्धी म्हणाली.

गोकुळदासांनी चष्मा वर सरकवून लॅपटॉपच्या पडद्याकडे पुन्हा पाहिलं. मुळगावजवळच्या खाणीवर, वजनकाट्याच्या केबिनमध्ये त्यांनी तीस वर्षं कारकुनी केली होती. खाण बंद पडली, पण तिथलं इंग्रजी बोटांतून गेलं नव्हतं. ‘विथ रेफरन्स टू द अबव्ह’ने सुरुवात, ‘काइंडली डू द नीडफुल’ने शेवट.

“चूक खंय आसा?” त्यांनी विचारलं.

“चूक ना. पूण आर्नेल रुद्रेशाचो इश्ट, दोस्त न्हय मूं? इश्टाच्या बापायन अशें बरयल्यार तो भियेतलो.”

सिद्धीचा कॉम्प्युटर क्लास डिचोलीच्या बसस्टँडमागे होता. नोकरीचे अर्ज भरायला येणाऱ्या मुलामुलींत एकसष्ट वर्षांचे गोकुळदास मंगळवारी आणि शुक्रवारी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसत. त्यांना एकच गोष्ट शिकायची होती. ओळखीच्या माणसाला इंग्रजीत साधा, घरगुती मेल कसा लिहितात?

त्यांचा एकुलता एक मुलगा रुद्रेश मालवाहू जहाजाच्या स्वयंपाकघरात कामाला होता. अकरा महिन्यांपूर्वी एका सकाळी तो जहाजावर कुठेच सापडला नाही. दोन दिवस समुद्र धुंडाळला, मग जहाज पुढे गेलं. कंपनीचं एक पानी पत्र आलं. ‘ड्युटी नसताना डेकवर गेला. कारण अज्ञात.’ गोकुळदासांनी कंपनीला सात पत्रं पाठवली. सातांना सारखंच उत्तर आलं.

गावात मात्र त्या ‘कारण अज्ञात’चा अर्थ लोकांनी आपापला लावला. गोकुळदासांची बायको वत्सला आली की नळावरच्या बायका गप्प होत. एका दुपारी ताट वाढताना तिनेही विचारलं, “तो आपूणच गेलो काय?” त्यानंतर तिने पुन्हा विचारलं नाही, पण तो प्रश्न घरात त्यांच्याबरोबर राहू लागला.

रुद्रेशचा जुना लॅपटॉप घरी होता. त्यात त्याचे मेल उघडेच होते, आणि त्यांत हा आर्नेल सापडला. फिलिपिन्सचा मुलगा, रुद्रेशच्या केबिनमध्ये राहणारा. सुट्टीवर असताना दोघे एकमेकांना लिहीत. गोकुळदासांनी ते सगळे मेल वाचले. अर्धवट वाक्यं, चुकीची स्पेलिंगं, ओळीओळीला हसणं. आपला मुलगा इंग्रजीत इतका हसतो हे त्यांना माहीत नव्हतं. घरी तर तो जेवण झालं की ‘बरें’ म्हणून उठायचा.

“काका, तुमी ताचेच मेल पळयात,” सिद्धी म्हणाली. “रुद्रेश कसो बरयतालो? तशेंच बरोवचें. ल्हान ल्हान वाक्यां. पयलीं हाय म्हणपाचें, मागीर कसो आसा विचारपाचें. कामाचें उपरांत.”

आठवडाभर गोकुळदासांनी वहीत मुलाची वाक्यं उतरवून काढली. शाळेत रुद्रेश त्यांचं अक्षर गिरवायचा. आता ते त्याचं गिरवत होते.

शनिवारी दुपारी त्यांनी घरीच मेल लिहिला. हाय ब्रो. हाऊ आर यू? लाँग टाइम. वॉन्ट टू टॉक टू यू. त्यांना स्वतःलाच तो आवडला. खाली नाव घालायचं राहून गेलं. बटण दाबल्यावर त्या चार ओळींच्या शेजारी रुद्रेशचा गोल फोटो उमटला, टोपी घातलेला, हसरा. जणू त्यानेच आता लिहिलं होतं. मेल रुद्रेशच्या पत्त्यावरून गेला होता.

पाच मिनिटांत उत्तर आलं.

‘हे कोण आहे? कृपा करून असं करू नका. रुद्रेश, तू असशील तर मला माफ कर. मी रोज प्रार्थना करतो. माफ कर.’

गोकुळदासांनी ते शेवटचं ‘माफ कर’ पुन्हा वाचलं. ह्या पोराने माफी का मागावी?

त्यांना सिद्धीला बोलवावंसं वाटलं, पण बोलावलं नाही. वहीही उघडली नाही. जमेल तशा इंग्रजीत त्यांनी लिहिलं, ‘आर्नेल, मी रुद्रेशचा बाप. तुला घाबरवलं, चूक माझी. मला मेल लिहिता येत नाही. मी रागावलेलो नाही. त्याची आई विचारते, तो स्वतःहून गेला का. तुला माहीत असेल तर सांग.’

तीन दिवस काही आलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी लांबलचक मेल आला.

त्या पहाटे आर्नेलला ताप होता. स्वयंपाकघरामागचे कचऱ्याचे ड्रम दोरीने बांधायची पाळी त्याची होती, कारण वारा वाढला होता. रुद्रेश म्हणाला, तू झोप, मी जातो. त्याचा रेनकोट धुतलेला, ओला होता, म्हणून तो आर्नेलचा घालून गेला. आर्नेलला सहा वाजता जाग आली तेव्हा खुंटी रिकामीच होती. परवानगीशिवाय दुसऱ्याला पाठवलं म्हणून नोकरी जाईल ह्या भीतीने तो चौकशीत गप्प बसला. शेवटी त्याने लिहिलं होतं, ‘हा मेल कंपनीला दाखवा. मी नाही म्हणणार नाही.’

वत्सला अंगणात सोलं सुकत घालत होती. गोकुळदास पायरीवर बसले आणि त्यांनी एकेक वाक्य वाचून तिला सांगितलं. तिचे हात कोकमाने लाल झाले होते. ते तिने तसेच मांडीवर ठेवले.

“रेनकोट घालून गेलो?”

“हय.”

“म्हणजे तो परत येवपाचो आशिल्लो.”

मग ती रडली. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच मोठ्याने. शेजारचा दत्ताराम कुंपणाशी येऊन उभा राहिला, आणि परत गेला.

बऱ्याच वेळाने गोकुळदास म्हणाले, “हें कंपनीक धाडूं? कारण कळटलें सगळ्यांक. गांवाकूय.”

“त्या भुरग्याची, आर्नेलाची नोकरी?”

“वतली. उरची ना.”

“ताका आवय आसा?”

“आसा. दोन भयणीय आसात.”

वत्सलाने सोलं उलटायला घेतली. “नाका धाडूंक. गांवाक कितें म्हणपाचें तें म्हणूं दी. ताका विचारात, ताप गेलो मरे ताचो?”

ताप जाऊन वर्ष होत आलं होतं. तरी गोकुळदासांनी तेच लिहिलं. डियर आर्नेल, तुझा ताप गेला का? रुद्रेशची आई विचारते. वेळेवर जेव. तू गुन्हेगार नाहीस. आणखी एक वाक्य त्यांना लिहायचं होतं, ते कुठल्याच भाषेत जमलं नाही. त्यांनी मेल पाठवून दिला.

रविवारी वत्सला म्हणाली, “म्हाका दर्या पळोवपाचो आसा.” गेल्या वर्षापासून तिने तो पाहिला नव्हता. पणजीला जाताना बसमध्येही ती पाण्याच्या बाजूला बसत नसे. म्हापशाला बस बदलून दोघं केरीला पोचली तेव्हा ऊन कलत होतं. किनाऱ्यावर दोन होड्या ओढून ठेवल्या होत्या, मासेमार जाळी झाडत होते. वत्सला सरळ चालत पाण्यापर्यंत गेली. लाट आली, तिच्या घोट्यांवरून गेली, लुगड्याचा काठ भिजला. ती हलली नाही. आणखी दोन लाटा येऊन गेल्या.

“उदक ऊन आसा, थंड ना,” ती म्हणाली.

गोकुळदासांनी चपला काढल्या, पँट दोन घड्या वर केली आणि तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले.