एक ठोका म्हणजे हो

माझ्या भावाने, राजेश्वरने, अप्पांसाठी नवा मोबाइल घेतला तेव्हा त्याचं कौतुक पाथरीच्या आमच्या कापडदुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकावं लागलं. आजूबाजूला कितीही गोंगाट असो, पलीकडे फक्त बोलणाऱ्याचा आवाज जातो म्हणे. बाकीचं फोन स्वतःच्या अकलेने गाळून टाकतो. फोनला अक्कल आली म्हणून मीही खूश झाले होते, मूर्ख कुठली.

अप्पांची वाचा लकव्याने गेली होती, उजवा हातही गेला होता. दुकानातला कापड मोजायचा लोखंडी मीटर आईने त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला होता. पलंगाच्या नळीवर एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. संध्याकाळी आई महादेवाला गेली की मी लातूरहून, माझ्या सासरहून, फोन लावायचे. राजेश्वर तेव्हाचा जुना फोन त्यांच्या उशाशी ठेवून दुकानात जायचा. जेवलात का? ठक. आईशी भांडलात का? ठक ठक. मी हसले की ते उगाच आणखी चार-पाच ठोके द्यायचे. माझ्या दिवसातलं तेवढंच हसणं होतं.

नवऱ्याने माझं व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडून ठेवलं होतं. मी कुणाला काय लिहिलं ते तो जेवताना मोठ्याने वाचून दाखवायचा, तेही नकला करत. पुढचं सांगत नाही. आईजवळ एकदा बोलून पाहिलं, तर नांदावं लागतं बाई, म्हणाली. उरले अप्पा.

धीर गोळा करून मी विचारलं, ते नेमकं नव्या फोनवरच्या पहिल्याच बोलण्यात.

"अप्पा, मला इथं राहवत न्हाई. कायमची घरी येऊ का?"

काहीच आलं नाही. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना मला रडू आलं. दोन ठोके आले असते तरी चाललं असतं, निदान नाही म्हणाले असं झालं असतं. पण अप्पांनी मीटर बाजूला ठेवला, मुलीला उत्तरही द्यावंसं वाटलं नाही, असंच मी धरून चालले. नंतर आईशी बोलून त्यांची खुशाली विचारायचे, पण फोन उशाशी ठेव असं कुणाला म्हटलं नाही. अप्पा लय चिडचिड करायलेत, आई सांगायची. मला वाटायचं, माझ्यावरच.

दिवाळीच्या तोंडावर अप्पा गेले. त्यांना समाधी देऊन घरी आलो, तेव्हा पलंगाकडे लक्ष गेलं. नळीचा रंग उडून खाली पत्रा चेपला होता. मी राजेश्वरला विचारलं. तो म्हणाला, तुझा तो फोन झाल्यापासून दिवसभर ठोकत होते, शेजारचे विचारायला आले होते. मी म्हटलं, मला तर एकही ऐकू आला नाही.

मग मला गल्लीच्या टोकाला उभं करून त्याने अप्पांच्या मोबाइलवरून फोन लावला.

"आता ठोकायलोय, ताई," त्याचा आवाज स्वच्छ आला. मागे काही नाही. "आलं का?"

"न्हाई."

सेटिंगमध्ये आजूबाजूचा आवाज गाळायचं बटण त्याने शोधून बंद केलं. मग आलं. ठक. कानाशी आल्यासारखं. मी तिथंच धुळीत बसले. माझ्या बापाचं बोलणं फोनने कचरा म्हणून गाळलं होतं, आणि मी त्या फोनवर विश्वास ठेवला, बापावर नाही.

घरात येऊन मी आईला सगळं सांगितलं, अप्पांना काय विचारलं होतं तेही. तिच्या कपाळाची विभूती घामाने ओघळली होती, तिला पुसायचंही भान नव्हतं.



"एकच ठोका द्यायचे," ती म्हणाली, "अन् दाराकडं बघायचे. मला वाटायचं, वारं लागायलंय त्यान्ला. मी आपली उठून दार लावून घ्यायची."