न गेलेल्या मैलांची वही

मी डेल्मर होकन्सनच्या गाडीतली वही बोलतेय. मैलांची नोंदवही म्हणतात मला. नाव भारदस्त, पण जानेवारी ते डिसेंबर माझ्यात एक मैलही चढला नाही. गाडीच्या कप्प्यात टिश्यूच्या डब्याखाली पडून मी लोकांचं बोलणं ऐकत असे. दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते कळलं नाही, तर मला करमतच नाही.

आमचा डेल्मर विमा विकतो, मिनेसोटातल्या तीन तालुक्यांत. तो कुणाचा नोकर नाही. कंपनी कमिशन देते, त्यातून कर कापत नाही, आणि वर्षअखेरीस सगळ्या कमिशनचा आकडा छापून त्याला नि सरकारला धाडते. कंपनीचा भारी प्रेमळ स्वभाव! मग कर वाचवायला डेल्मरच्या हाती एकच गोष्ट उरते, कामासाठी गाडी किती मैल पळवली तो हिशेब. मैल जितके जास्त, तितका कर कमी. म्हणजे मी.

कर भरायचा एप्रिल उजाडला, तेव्हा साहेबांना माझी आठवण झाली. एका रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, एकाच निळ्या पेनाने, त्यांनी सबंध वर्ष माझ्यात उतरवलं. चाळीस मैल, साठ मैल, चाळीस मैल. रस्तेसुद्धा किती समजूतदार, प्रत्येकाचा आकडा शून्यावरच संपायचा! वर मी वापरातली दिसावी म्हणून कॉफीचे दोन थेंब माझ्यावर मुद्दाम सांडले.

"शोभतंय का हे या वयात?" बायको आर्लीस म्हणाली.

"सगळेच करतात गं."

दुसऱ्या दिवशी आम्ही बेव्हर्लीकडे गेलो. निम्म्या गावाची करविवरणं तीच भरते, त्यामुळे निम्म्या गावाची भानगड तिला ठाऊक. माझी बहीणच म्हणा ना! तिने चष्मा नाकावर घसरवला आणि बोट एका ओळीवर ठेवलं.

"बारा जुलै. गेलर्ड लुंडीनशी नव्या पॉलिसीबद्दल चर्चा. काय म्हणाला रे गेलर्ड?"

"विचार करतो म्हणाला."

"बराच वेळ लागेल त्याला. मेमध्ये पुरलं आपण त्याला. चर्चच्या तळघरात मयताच्या जेवणाला हॉटडिश दोनदा वाढून घेतलीस तू."

डेल्मरचे कान लाल झाले. बेव्हने पेन खाली ठेवलं. "मी यावर सही करणार नाही. हे पकडलं गेलं तर तुझा विम्याचा परवाना जाईल. त्रेसष्टाव्या वर्षी दुसरं येतं काय तुला?"

तो पुटपुटला, "लुंडीनांकडे गेलो होतो गं, खरंच. गेलर्ड गेल्यावर चार वेळा. त्याच्या बायकोला, ओपलला, ते विम्याच्या दाव्याचे कागद झेपेनात. वाचून दाखवले, भरून दिले, शेवटी चेक नेऊन दिला."

"मग ते कुठंय यात?"

"त्याचं कमिशन कुठे मिळतं? ते कसलं काम!"

बेव्ह त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे गेलास ते लिहिलं नाहीस, आणि नाही गेलास ते लिहिलंस? अरे शहाण्या, तुझ्याच गिऱ्हाइकाचं काम ते. धंद्याचेच मैल आहेत! घरी जा, आर्लीसचं फ्रीजवरचं कॅलेंडर घेऊन ये."

त्या कॅलेंडरात सगळं होतं. 'डेल ओपलकडे, जेवायला उशीर.' 'डेल दवाखान्यात, ॲक्सेलच्या सह्या.' गिऱ्हाइकांकडच्या असल्या बिनकमिशनच्या फेऱ्यांनी महिनेच्या महिने भरले होते. बेव्हने माझी पहिली पानं तांबड्या रेघेने खोडली. फाडू दिली नाहीत. "फाडलंस तर आणखी वाईट दिसेल," म्हणाली. नकाशावर अंतरं मोजून उरलेल्या पानांवर खरा हिशेब लिहून घेतला, वर 'एप्रिलमध्ये कॅलेंडरवरून' असंही लिहायला लावलं. खोटे चौदा हजार मैल गेले, खरे नऊ हजार दोनशे सतरा निघाले. कर वाढला. डेल्मरने कण्हत कराचा चेक लिहिला, बेव्हने सही केली, परवाना राहिला.

आता मी तळघरात बिटाच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी असते. काही वर्षं जपून ठेवायचा नियम आहे म्हणे. बायांनो, बाप्यांनो, ज्या दिवशी जाल त्याच दिवशी लिहा, एवढंच सांगते. आणि उद्या कुणी तपासनीस आलाच, तर माझी खोडलेली पानं तो चवीने वाचेल, पोटासाठीच करतो बिचारा. वाच बाबा. पण मिटण्याआधी थोडं पुढेही उलट. तिथे लिहिलंय, 'ओपल लुंडीन, एकोणीस मैल, कागद वाचून दाखवले.'