अर्धा आणि एक तृतीयांश

झोर्नित्साबाईंचं पत्र दर महिन्याला यायचं. ‘प्रिय पालकहो, या महिन्यात पाचवीची मुलं गणितात काय शिकली’ अशी सुरुवात असायची, आणि तिसऱ्या ओळीपासून स्तोइनाआजीला धाप लागायची. छेद, समच्छेद, लघुतम साधारण विभाज्य. आजी पत्राची घडी घालून कपाटात ठेवून द्यायची. फेब्रुवारीपर्यंत अशा पाच घड्या जमल्या.

नात रालित्सा तिच्याकडेच राहायची. आईबाप जर्मनीत, श्टुटगार्टला कामाला. त्यामुळे गृहपाठाला आजीच. अर्धा अधिक एक तृतीयांश किती, असं पोरीनं विचारलं तेव्हा आजीनं ठामपणे सांगितलं, “वर एक नि एक दोन, खाली दोन नि तीन पाच. दोन पंचमांश. लिही.”

दुसऱ्या दिवशी वही लाल होऊन आली. “आजीनं सांगितलं म्हणाले, तर सगळे हसले,” रालित्सा म्हणाली आणि जेवणाच्या ताटावरून उठून गेली.

आजीला ते लागलं. पोर चुकली असती तर चाललं असतं. चुकवलं होतं आजीनं.

त्या गुरुवारी पालकसभा होती. चुरगळलेली पाचही पत्रं पर्समध्ये कोंबून ती जाऊन बसली, मुलांच्या बुटक्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन. बाईंनी फळ्यावर भराभर सगळं मांडलं. तरुण होत्या, मेहनती होत्या, पण बोलायच्या त्या पत्रासारख्याच.

“कुणाला काही शंका?”

“सगळं स्पष्ट आहे,” औषधांचं दुकान चालवणारा क्रास्तान घड्याळ बघत म्हणाला.

आजी उठली. “बाई, तुमची पाच पत्रं आली. मला एकही कळलं नाही. समच्छेद म्हणजे काय हो?”

मागून कुणीतरी फिसकन हसलं. “आजी, हे पालकांसाठी आहे,” क्रास्तान म्हणाला.

“तिचे पालक श्टुटगार्टला आहेत. इथं मीच आहे. आणि तुला कळलंय ना? मग तू सांग.”

क्रास्तानचे कान लाल झाले. त्यानं फळ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. “म्हणजे... आमच्या वेळी वेगळं शिकवायचे.”

झोर्नित्साबाईंनी खडू खाली ठेवला. “खरं सांगा. माझी पत्रं किती जणांना कळतात?”

एकही हात वर झाला नाही. बाई आजीजवळ आल्या. त्यांनी विचारलं, “तुम्ही काम कुठं करायचात?”

“कॅनिंगच्या कारखान्यात. एकतीस वर्षं. मिरच्यांची चटणी बरण्यांत भरायचे.”

“एका खोक्यात किती बरण्या?”

“बारा.”

“अर्धं खोकं भरा. मग वर आणखी एक तृतीयांश भरा.”

आजीनं डोळे मिटले. हात आपोआप हलू लागले. “अर्ध्या म्हणजे सहा. तिसरा हिस्सा चार. झाल्या दहा.” मग ती एकदम थांबली. “अहो, मी पोरीला दोन पंचमांश सांगितलं! बारा बरण्यांचे पाच सारखे हिस्से कसे करू? बरणी फोडू काय? आणि ते तर अर्ध्याहून कमी भरतं. अर्ध्यात भर घातली आणि कमी झालं? असं कुठं असतं!”

सगळे हसले, पण आता आजीबरोबर.

“तुम्ही दोन्हींचे बाराच्या हिशेबानं तुकडे केलेत,” बाई म्हणाल्या. उत्साहानं त्यांचा आवाज चढला होता. “हाच समच्छेद. बारापैकी दहा.”

“बस्स? एवढंच?” आजी फळ्याकडे बघत राहिली. “मग तसंच लिहायचं ना बाई!”

मार्चचं पत्र छापण्याआधी बाई ते आजीच्या घरी घेऊन आल्या. आजीनं चष्मा लावून वाचलं आणि दोन ओळींवर बोट ठेवलं. “हे नाही कळलं.” बाईंनी तिथंच खोडून पुन्हा लिहिलं. एप्रिलला आजीनं एकाच ओळीवर बोट ठेवलं. उदाहरणं आता मुलं सुचवायची. तिकडे वर्गात रालित्सा सांगत सुटली होती, “आधी माझी आजी वाचते, मगच तुमच्या घरी येतं!”

मेमधल्या सभेला जागा पुरेना. वर्गाबाहेरही लोक उभे. क्रास्तान पहिल्या बाकावर, मांडीवर वही. रालित्सानं फोन उंच धरला होता. पडद्यावर तिची आई वेसेला, कामावरच्या मधल्या सुट्टीत, डोक्याला अजून कामाची टोपी.

बाईंनी फळ्यावर लिहिलं: एक चतुर्थांश अधिक दोन पंचमांश. “कोण येतंय?”

आजी निघालीच. बाराचं खोकं इथं चालणार नव्हतं, हे तिनं चालता चालताच ओळखलं होतं. खडू हातात घेऊन ती लोकांकडे पाठ करून उभी राहिली. “चारलाही चालेल, पाचलाही चालेल, असं... वीस!” तिनं ठसठशीत वीस काढलं. “विसातले पाच. आणि विसातले आठ. तेरा!”

विसातले तेरा. बाईंनी बरोबरची खूण केली आणि वर्ग उसळला. बाक वाजले, कुणी शिट्टी मारली. फोनमधून वेसेला ओरडत होती, “आई! अगं आई!” रालित्सा बाकावर चढून नाचत होती. क्रास्ताननं उभं राहून टाळ्या वाजवल्या.

“खडू द्या आजी,” बाई डोळे पुसत म्हणाल्या.

आजीनं खडू मुठीत घट्ट धरला. “अं हं. आणखी एक घाला. जरा अवघड बघून.”