एनिडचा आवाज आणि प्लगमधला मी

दिवाणखान्यातल्या कपाटामागे, भिंतीच्या सॉकेटमध्ये जो पांढरा प्लग बसलेला आहे, त्याच्या पोटात मी राहतो. मी फ्यूज. लांबीला एक इंच. चिनीमातीची नळी, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या, पोटात बारीक वाळू आणि त्या वाळूतून गेलेली केसाएवढी तार. अंगावर काळ्या शाईत पाचचा आकडा. पाच अँपिअरपर्यंतची वीज मी मुकाट्याने जाऊ देतो. त्याहून फार जास्त आली की माझी तार वितळते, वीज थांबते आणि घर वाचतं. आमच्या इंग्लंडात प्रत्येक प्लगला असा एक राखणदार असतो. लोकांना त्याची आठवण होते ती काही बंद पडल्यावरच.

माझी पहिली आठवण वाळूची आहे. कारखान्यात यंत्राने माझ्या पोटात वाळू ओतली, तेव्हा जी सळसळ झाली तोच मी ऐकलेला पहिला आवाज. समुद्र मी कधी पाहिला नाही. पण स्वप्नात तो मला अजून दिसतो, आणि त्याची सळसळ तीच असते.

टॉडमॉर्डन गावच्या बाजारातून मला आणलं ते एनिड बॅराक्लफने. एका पुठ्ठ्यावर चार फ्यूज होते, त्यातला मी तिसरा. तिचा नवरा लेन बसचालक. एकतीस वर्षं त्याने आमच्या या डोंगराळ रस्त्यांवरून बस चालवली, पण घरातला साधा दिवा बदलायचा म्हटला की त्याचे हात थरथरायचे. असली कामं एनिडच करायची, आणि करताना गुणगुणायची. तिने मला शिलाई यंत्राच्या प्लगमध्ये बसवलं. पडदे, चर्चमधल्या गायिकांचे निळे झगे, लेनच्या विजारी, सगळं माझ्या पोटातून गेलेल्या विजेवर शिवलं गेलं.

पुढे ते यंत्र मोडलं. एनिडने मला काढून टॉफीच्या रिकाम्या डब्यात, बटणांच्या सोबतीला ठेवलं. तिथे मी नऊ वर्षं पडून होतो. डब्यात बातम्या येत नाहीत. एके दिवशी झाकण उघडलं ते लेनच्या हातांनी. त्या हातांना बटणांत फ्यूज शोधता येत नव्हता. एनिड आता नाही, हे मला तेव्हा कळलं.

लेनने गाणी ऐकायचा चांगला सेट आणला होता. तबकडी फिरवणारा रेकॉर्ड प्लेअर, जड अ‍ॅम्प्लिफायर आणि कमरेएवढे उंच दोन स्पीकर. शेजारच्या क्लाइव्ह अटलीने सगळं जोडून दिलं. क्लाइव्ह जन्मभर वीजतंत्रीचं काम केलेला माणूस. दोघांची घरं एकाच भिंतीला चिकटून होती, आणि दोघांची तोंडं एकमेकांना टोमणे मारायला मोकळी होती. अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगमध्ये मला बसवलं तेही क्लाइव्हनेच.

मला गाणं ऐकू येत नाही, जाणवतं. हलका सूर असला की वीज माझ्यातून पावलं न वाजवता जाते. चाळीस गळे एकदम उघडले की ती भरून येते आणि मी किंचित कोमट होतो. दर रविवारी दुपारी, बाहेर डोंगरावर ढग उतरलेले असताना, मी असा कोमट होत पडून राहायचो. झोप आणि जाग यांच्या मधली ती जागा फार छान असते.

खरं तर हा सगळा सेट लेनने आणला होता एकाच रेकॉर्डसाठी. एनिड ज्या चर्चमध्ये गायची, तिथल्या गायकवृंदाची ती जुनी रेकॉर्ड. गावाबाहेर कुणाला तिचं नावही माहीत नसेल. पहिली बाजू संपत आली की खालच्या पट्टीतल्या बायकांचा गट एकदम गायला लागतो. ह्या बायका उजवीकडे उभ्या होत्या, म्हणून त्यांचा आवाज उजव्या स्पीकरमधून येतो. त्यात एक आवाज बाकीच्यांच्या क्षणभर आधी सुरू होतो. ती एनिड. तिला घाई झाली होती. रेकॉर्ड निघाल्यावर म्हणे ती दोन आठवडे शरमेने चर्चला गेली नव्हती. आणि आता त्या एका चुकीमुळेच लेनला चाळीस जणांत आपली बायको सापडायची. तेवढा क्षण आला की तो श्वास धरून बसायचा. मग हसायचा.

अशी काही वर्षं गेली. मग ती सापडेनाशी झाली.

म्हणजे रेकॉर्ड तीच, सेट तोच, पण लेनला ती चूक ऐकू येईना. सगळ्या बायका एकदमच गायल्यासारख्या वाटायला लागल्या. त्याने सुई बदलली. स्पीकरच्या तारा बदलल्या. स्पीकरखाली दगडी फरश्या घातल्या. क्लाइव्हला विचारलं, तर तो म्हणाला की रेकॉर्ड झिजत असतात, माणसंही झिजतात. लेनने ते मनावर घेतलं नाही. शेवटी एका मासिकात त्याने वाचलं की प्लगमधल्या साध्या फ्यूजमुळे सुरांची वाट अडते. तिथे सोन्याचा मुलामा दिलेला खास फ्यूज घातला की आवाजावरचा पडदा बाजूला होतो.

तो फ्यूज टपालाने आला, मखमलीच्या डबीत. लेनने स्वतः, थरथरत्या हातांनी, मला पेचकसाने उचकटून बाहेर काढलं आणि एका बशीत ठेवलं. मला वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. पण त्याहून अधिक मी गोंधळलो. वाट अडवतो? मी? माझ्या मनात तर कधी सूर थोपवायचं आलं नव्हतं.

त्याने प्लग लावला, रेकॉर्ड सुरू केली आणि उजव्या स्पीकरजवळ तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. तो क्षण आला. त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ती सापडली होती.

दुसऱ्या रविवारी मात्र, खुर्चीत बसून ऐकताना, ती पुन्हा हरवली. नवा फ्यूज मुरायला दिवस लागतात, असं मासिकात लिहिलंच होतं. लेन वाट पाहत राहिला. एखाद्या रविवारी ती यायची, एखाद्या रविवारी यायची नाही. मी बशीतून पाहत होतो.

क्लाइव्हला हे कळलं तेव्हा तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. म्हणाला, "चाळीस मैल तांब्याच्या तारेतून वीज येते, लेन. डोंगरावरून उतरते, रस्त्याखालून जाते, तुझ्या माझ्या भिंतीतून फिरते. तिचा शेवटचा एक इंच तू सोन्याचा केलास. उद्या नळाला चांदीची तोटी लाव आणि म्हण, धरणाचं पाणी गोड झालं."

"तुला कान असते तर कळलं असतं," लेन म्हणाला.

"कान आहेत म्हणूनच तर एकोणीस वर्षं तुझी बडबड ऐकतोय."

शिवाय तो सोन्याचा फ्यूज तेरा अँपिअरचा आहे, आणि सेटच्या बारीक वायरीला तो राखणदार म्हणून कुचकामी आहे, हेही त्याने सुनावलं. मग दोघांत ठरलं की परीक्षा घ्यायची. क्लाइव्ह कपाटामागे बसून सहा वेळा फ्यूज बदलणार, कधी सोन्याचा, कधी मी. लेनने खुर्चीत बसून फक्त सांगायचं, एनिड ऐकू आली की नाही.

त्या रविवारी दुपारी क्लाइव्हने मला प्लगमध्ये बसवलं. रेकॉर्डचा तेवढाच तुकडा वाजला. लेन म्हणाला, नाही. क्लाइव्हने बटण बंद केलं, मला बाहेर काढलं, जरा खुडबुड केली आणि परत मलाच आत घातलं. लेन म्हणाला, आली. असं सहा वेळा झालं. सहाही वेळा मीच होतो. सोन्याचा फ्यूज क्लाइव्हच्या खिशात होता. आणि त्या सहांत तीन वेळा लेनला त्याची बायको अगदी स्वच्छ ऐकू आली.

पहिल्या दोन फेऱ्यांत क्लाइव्हच्या चेहऱ्यावर मिश्कील हसू होतं. तिसऱ्या फेरीला ते गेलं. तो कपाटाच्या कडेने वाकून लेनकडे टक लावून बघायला लागला. सहावी फेरी संपली तरी तो उठेना.

लेनने उतावळेपणाने विचारलं की किती बरोबर आले.

क्लाइव्ह म्हणाला, "सोन्याचा फ्यूज दुपारपासून माझ्या खिशात आहे, लेन. सगळ्या वेळा जुनाच होता."

लेनने चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे मी खोटं बोलतो."

"नाही. तू तिला खरंच ऐकलंस. कशामुळे ऐकलंस ते मी बघत होतो. ऐकून घे जरा..."

"माझी बायको तुझ्या खिशात नाही, क्लाइव्ह. जा तू घरी."

क्लाइव्ह गेला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा दार आपटलं गेलं, आणि ते आपटलं लेनने. थोड्या वेळाने दारातल्या टपालाच्या फटीतून एक चिठ्ठी आत पडली. एकट्या माणसाला मोठ्याने वाचायची सवय लागते, म्हणून मलाही ती कळली. 'तिन्ही वेळा तू मान वळवून खिडकीबाहेर बघत होतास. खुर्ची फिरवून बघ.'

अकरा दिवस ती चिठ्ठी कपाटावर पडून होती. भिंतीपलीकडे क्लाइव्हचा रेडिओ लागायचा, अलीकडे लेन आपला रेडिओ बंद करायचा. शिंकसुद्धा तो रुमालात दाबायचा.

बाराव्या दिवशी सकाळी पाऊस थांबून डोंगर उघडा पडला होता. लेनने खुर्ची खिडकीकडे वळवली. आता डावा कान स्पीकरसमोर होता. रेकॉर्ड लावली. एनिड आली, घाईत, सगळ्यांच्या आधी. त्याने खुर्ची उलट दिशेला फिरवली. गाणं दूर गेलं आणि ती नाहीशी झाली. त्याने पुन्हा फिरवली. आली. पुन्हा उलट. गेली.

मग तो फोनजवळ गेला. रिसीव्हर डाव्या कानाला लावला, मग उजव्या. उजव्या कानाला लावून बराच वेळ उभा राहिला. एकतीस वर्षं बसची खिडकी त्याच बाजूला होती, त्या कानात वारा आणि इंजिनं भरलेली आहेत, असं तो सगळ्यांना हसत सांगायचा. त्या सकाळी तो हसला नाही. त्याने मुठीने भिंत तीनदा ठोकली.

क्लाइव्ह घरातल्या सपाता घालूनच धावत आला. भांडणाचं कुणी नाव काढलं नाही.

"या कानात काहीच नाही रे," लेन म्हणाला. "फोनची गुणगुणसुद्धा नाही."

"डॉक्टरांना फोन मी करतो. तुझ्यावर सोडलं तर तू त्यांना फ्यूज बदला म्हणशील."

पुढचं मला त्यांच्या बोलण्यातून तुकड्यातुकड्यांनी कळलं. लीड्सच्या इस्पितळात डोक्याची छायाचित्रं काढली. ऐकण्याच्या नसेवर गाठ होती. कर्करोगाची नव्हती, पण सावकाश मेंदूकडे सरकत होती. आणखी वर्ष-दीड वर्ष गेलं असतं तर गोष्ट हाताबाहेर गेली असती, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. गाठ काढता येईल, पण त्या कानाचं ऐकणं परत मिळणार नाही.

लेन इस्पितळात गेला आणि घर रिकामं झालं. क्लाइव्ह रोज येऊन टपाल उचलायचा, कुंड्यांना पाणी घालायचा. शस्त्रक्रिया होती त्या दिवशी त्याने सेट चालू केला. रेकॉर्ड लावलीच नाही. नुसता लेनच्या खुर्चीत बसून राहिला. माझ्यातून वीज अगदी मंद जात होती, कुणी झोपलेल्या घरात पाऊल टाकावं तशी. खिडकीतलं ऊन गालिच्यावरून सरकत भिंतीपर्यंत गेलं. मग फोन वाजला. क्लाइव्हने ऐकलं, दोनदा "बरं" म्हटलं आणि रुमालाने नाक पुसलं.

लेन परत आला तेव्हा काठी टेकत होता. तोंडाचा उजवा कोपरा हसत नव्हता. क्लाइव्हने तोवर सेटच्या तारा बदलल्या होत्या. दोन्ही बाजूंचे सूर त्याने एकाच स्पीकरमध्ये आणले होते आणि तो स्पीकर खुर्चीच्या डाव्या हाताला ठेवला होता. दुसरा स्पीकर जिन्याखाली गेला होता. लेन बसला. रेकॉर्ड लागली. मी हळूहळू कोमट व्हायला लागलो.

"आता डावं-उजवं नाही राहिलं," लेन काही वेळाने म्हणाला. "सगळी माणसं एकाच जागी उभी आहेत."

"गर्दी झाली असेल," क्लाइव्ह म्हणाला. "त्यात ती आहे ना?"

लेनने हात वर केला, म्हणजे थांब. तो क्षण आला आणि गेला. त्याचं अर्धं तोंड हसलं. "आहे," तो म्हणाला. "तिला धीर कधी होता?"

सोन्याच्या फ्यूजचं काय करायचं, हा प्रश्न क्लाइव्हने सोडवला. तेरा अँपिअरचा होता, म्हणून त्याने तो चहाच्या किटलीच्या प्लगमध्ये घातला. पहिला घोट घेऊन तो गंभीरपणे म्हणाला की या चहात पान न् पान वेगळं ऐकू येतंय. लेन इतका हसला की त्याला टाके दुखतात म्हणून ओरडावं लागलं. माझी त्या सोनेरी भावाशी दुश्मनी नाही. त्यालाही कुणीतरी खोटी स्वप्नं सांगून डबीत बसवलं होतं. स्वयंपाकघरात तो सुखी असावा.

आता माझ्या टोप्यांवरची चकाकी गेली आहे. अंगावरचा आकडा फिकट झालाय. माझं काम फक्त एका क्षणाचं आहे, आणि तो क्षण अजून आलेला नाही. आला तर मी मागे हटणार नाही. तोवर माझं एवढंच ऐका. माझ्यात सूर शोधू नका, मला सूर देता येत नाहीत आणि घेताही येत नाहीत. पण तुमच्या घरात कुणी गाणं ऐकताना, किंवा तुमचं बोलणं ऐकताना, नेहमी एकाच बाजूला मान वळवत असेल, तर त्याच्याकडे क्लाइव्हसारखं जरा टक लावून बघा. तो रागावेल. दार आपटेल. तरी बघा.

चला, रविवारची दुपार झाली. काठीचा आवाज कपाटापर्यंत आला आहे. बटण दाबलं गेलं. ऊब येतेय. आता मी गप्प बसतो.