दारातला पूल

माझ्या स्वयंपाकघरापासून सात पावलांवर माझा नवरा जमिनीवर पडला होता आणि मी जवळजवळ तीन तास दार उघडलं नाही. दाराला कुलूप नव्हतं, कडीही नव्हती. होता तो एक लाल दिवा, आणि तोही मीच लावून घेतलेला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी "अहो कुसुमताई, तुमचा काय दोष" वगैरे सुरू करायला नको. तेराव्याला भरपूर ऐकलंय ते.

हे कारखान्यात टूलरूमला होते, साचे-हत्यारं घडवायला, सत्तावीस वर्षं. २००१ साली कंपनीने संगणकावर चालणारी यंत्रं आणली आणि यांच्या हातात व्हीआरएसचा कागद ठेवला. मग वर्षभर हा माणूस कोथरूडच्या आमच्या बाल्कनीत बसून राहिला. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. भाजीला गेले तरी मी धावत परत यायचे. भीती वाटायची मला, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात आमचा मुलगा सलिल परदेशातल्या ऑनसाइट कामावरून आला. सॉफ्टवेअरवाला तो. मुलीसाठी जर्मनीहून रुळांवर चालणारी छोटी आगगाडी आणली होती. अवनी तेव्हा तीन वर्षांची. तिने इंजिन तोंडात घातलं, यांनी ते काढून घेतलं आणि परत काही दिलं नाही.

पुढच्या चार वर्षांत मधली खोली गेलीच म्हणा. भिंतीकडेने फळ्या, फळ्यांवर रूळ, प्लास्टरचे डोंगर, बोगदा, स्टेशन. डबे हे स्वतः पितळी पत्रा कापून करायचे, कानशीने घासत बसायचे. टूलरूमचा हात तो, केसभर फरक चालायचा नाही. आणि माणसं काय यायची! गुडघे दुखतात म्हणून सख्ख्या पुतणीच्या लग्नाला न गेलेले वरचे बद्रीनाथ, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, आमच्या फरशीवर गुडघे टेकून बोगद्यात डोकावायचे. सलिल तिथे आला की फोन उचलायचा विसरायचा. दुसऱ्यांचंच कशाला, फलाटावर मीही एक भाजीवाली बसवली होती, कापसाची. तिचं लुगडं माझ्या जुन्या पोलक्याचं.

गाडीला खोलीभर फिरवायचं तर मध्ये दार येत होतं. म्हणून यांनी दारात आडवा एक पूल केला, काढता-घालता येणारा. दार उघडायचं आत. गाडी चालू असताना कुणी दार ढकललं की पूल खाली आणि पुलावर गाडी असली तर तीही खाली. एकदा मीच चहा घेऊन घुसले. इंजिन फरशीवर आपटलं. हे ओरडले नाहीत. वाकडं झालेलं चाक हातात घेऊन खाली बसले आणि घळाघळा रडले. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मग मी म्हटलं, "बाहेर दिवा लावा. गाडी चालू तर दिवा लाल. लाल असताना कोण आत जातंय ते मी बघते." तीस वर्षं गणित शिकवलंय, नियम पाळून घेणं मला चांगलं जमतं. त्याच आठवड्यात सुतार बोलावून आतली कडी काढून टाकली. यांना बीपी होतं ना, आत पडले तर? म्हणजे बघा, विचार केला होता मी.

तो गुरुवार होता. सलिल आणि सूनबाई हिंजवडीला ऑफिसात. जेवून हे आत गेले, दिवा लाल झाला. गाडीचा घर्रर्र आवाज सुरू होता. साडेतीनला अवनी खेळता खेळता माझ्याकडे स्वयंपाकघरात आली. सात वर्षांची झाली होती.

"आजी, आजोबा शिट्टी वाजवत नाहीयेत."

दर वीस मिनिटांनी, गाडी स्टेशनातून सोडताना, हे तोंडाने पत्र्याची शिट्टी वाजवायचे आणि वहीत वेळ लिहायचे.

"विसरले असतील."

"दार उघडून बघू?"

"दिवा कुठला आहे? लाल ना? मग गप्प अभ्यासाला बस."

ती बसली. शहाणं पोर. चारला माझी शिकवणीची मुलं आली. त्यांना मी त्रैराशिक शिकवलं. गाडी फिरत होती आणि मी मनात म्हणत होते, माणूस आहे की काय, चहासुद्धा आठवत नाही!

सहाला मी वैतागून दार ढकललं. पूल पडला, वरून इंजिन पडलं. आणि माझ्या तोंडातून पहिलं वाक्य काय आलं? "अहो, चुकलं माझं, रागावू नका." मग दिसलं. हे टेबलाखाली, तोंड वाकडं, डोळे उघडे, माझ्याकडेच बघत होते. इतका वेळ दाराकडे बघत होते.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, "गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण तीन तासांच्या आत. त्यानंतर दिलं तर मेंदूत रक्तस्राव होतो. त्रास कधी सुरू झाला?"

अवनीने दप्तरातून यांची वही काढली. घरातून निघताना उचलली होती तिने. शेवटची ओळ तीन वाजताची. तीन-वीसची नव्हती.

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. पावणेसात. वही मिटून त्यांनी माझ्या हातात दिली.

हे नवव्या दिवशी गेले.

तेराव्यानंतर पोरीचं एक नवीनच सुरू झालं. घरातलं प्रत्येक बंद दार ती उघडायची. बाथरूमचंसुद्धा. सलिल रागावला, तरी थांबेना. एका दुपारी मी तिला जवळ घेतलं, तेव्हा तिने विचारलंच.

"आजी, मी तेव्हा दार उघडलं असतं तर?"

आयुष्यात मुलांशी खोटं बोलले नव्हते. तेव्हा बोलले. "नसतं उघडलं गं राणी. आतून कडी होती."

"कडी नव्हती आजी. सुतारकाकांनी काढली, तेव्हा मी स्क्रू धरले होते."

मी म्हटलं, "नव्हती. तू बरोबर सांगत होतीस. मी ऐकलं नाही. चूक माझी, तुझी नाही. कळलं?"

तिने मान हलवली. माझ्या पदराचं टोक पिळत बसली. मग हळूच म्हणाली, "मी दोनदा सांगायला हवं होतं ना?"