चिठ्ठ्यांचा डबा

रसायनशास्त्राच्या इमारतीत जिन्याखाली एक खोली होती. दारावर 'काचकाम' एवढंच लिहिलेलं. आत एक बर्नर, एक भट्टी, काचेच्या नळ्यांचे उभे गठ्ठे आणि एकवीस वर्षं त्यांच्यात बसलेली काचताई. विद्यापीठात कुणाचा फ्लास्क तडकला, कुणाच्या कंडेन्सरची चोच मोडली, की ती तो ज्योतीवर धरून, फुंकून पुन्हा कामाला लावायची. तिच्या बोटांच्या टोकांना आता काही कळत नसे. काच निवली की नाही, हे ती मनगटाच्या आतल्या बाजूनं बघायची.

त्या वर्षी पोरांनी फीवाढीविरुद्ध आंदोलन केलं आणि चक्क जिंकलं. सरकारनं हुकूम काढला, की तीन वर्षं शिकवणीची फी एक पैशानंही वाढवायची नाही. त्याच आठवड्यात दुसरा हुकूम निघाला, विद्यापीठाचं अनुदान पाचव्या हिश्श्यानं कापल्याचा. पहिल्याचे फोटो छापून आले, दुसऱ्याचे कोण काढतंय! फोटोत सगळ्यांच्या पुढे, घशातली पडजीभ दिसेल एवढं तोंड उघडून, काचताईची लेक उभी होती. आपलेच दात नि आपलेच ओठ.

महिन्याभरानं वित्त अधिकारी जिन्याखाली वाकून आले. काय काय बंद करता येईल याची यादी त्यांच्या हातात होती. माणूस वाईट नव्हता. यादी धरलेला हात त्यांनी पाठीमागे लपवला होता.

"वर्षभरात अकरा कामं?" रजिस्टर चाळून ते म्हणाले. "ताई, महिन्याला एकसुद्धा पडत नाही. बाकीचा वेळ काय करत होता?"

"फुंकत होते, साहेब."

"कुठं लिहिलंय?"

कुठंच नव्हतं. रजिस्टरमधल्या प्रत्येक नोंदीची प्रत भांडारात जायची आणि भांडार त्या पोराकडून नव्या वस्तूची पूर्ण किंमत मोडतोड शुल्क म्हणून वसूल करायचं, दुरुस्ती झालेली असली तरी. म्हणून पोरं मोडकी काच रुमालात गुंडाळून, चोरपावलांनी यायची. "ठेव तिथं. संध्याकाळी घेऊन जा. आणि तोंड नीट कर, कुणी मेलेलं नाही," म्हणून ती कामाला लागायची. नोंद नाही, काही नाही. वस्तूंची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकीला नाव-तारखेची एक चिठ्ठी बांधायची, तेवढंच. काम झालं की चिठ्ठी पत्र्याच्या डब्यात. या एका वर्षाच्याच दोनशे चाळीस निघाल्या असत्या.

"पुरावा असेल तर शुक्रवारपर्यंत आणा," अधिकारी म्हणाले. "मी कागदाचा नोकर. कागद दाखवा, खोली वाचवतो. उलट बरंच होईल. हुकूम शिकवणीच्या फीपुरता आहे, मोडतोड शुल्काला मर्यादा नाही. ज्यांची कामं झाली त्यांच्याकडून मागची सगळी वसुली करता येईल."

आनंदाची बातमी द्यावी तसं त्यांनी सांगितलं. डबा त्यांच्या कोपरापासून वीतभर लांब होता. काचताईनं त्यावर रजिस्टर ठेवलं.

घरी लेक म्हणाली, "आई, डबा नेऊन आपट त्यांच्या टेबलावर!"

"नावं आहेत त्यात."

"असू देत. भरतील सगळे. मी सांगते त्यांना."

"तुझ्या बाकावरची ती, पहाटे दुधाच्या गाडीवर जाते ना? तिच्या एकटीच्या सहा आहेत. झोप होत नाही, हात थरथरतात."

लेक हळूच म्हणाली, "माझ्या किती?"

"चार. तुझी झोप होते. तू नुसती धांदरट आहेस."

लेक हसली नाही. "घोषणा देताना हे कुणी सांगितलं नव्हतं गं."

"घोषणेत कुठं मावणार ते? तालात बसायला नको?"

एवढं बोलून काचताई भांडी घासायला उठली. पाणी कढत होतं हे तिला मनगटापर्यंत गेल्यावर कळलं.

शुक्रवारी तिनं रजिस्टर नेऊन दिलं. अकरा नोंदी, खाली सही. अधिकाऱ्यांनी तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"आणखी काही?"

"नाही."

"ताई, विचार करा."

"केला, साहेब."

शेवटच्या दिवशी तिनं भट्टी तापवली. आधी चिठ्ठ्या घातल्या, लेकीच्या चारही. त्या जळून गेल्यावर आत शेवटचा कंडेन्सर ठेवला. जोडलेली काच भट्टीत रात्रभर सावकाश निववावी लागते. घाईनं निववली तर आज धडधाकट दिसते आणि तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी हातात फुटते. सकाळी कंडेन्सर बाहेर काढून तिनं त्याच्यावरची राख फुंकली. ज्याचा होता त्याला दिला. किल्ली भांडारात जमा केली.

तिला फी खिडकीवर बसवलं. काम सोपं होतं. पावती फाडायची, शिक्का मारायचा, "पुढचा" म्हणायचं. पहिल्याच आठवड्यात रांगेतून लेक पुढे आली. शिकवणीची फी तीच, जुनी. तिच्याखाली दुसरी ओळ होती: मोडतोड शुल्क, फ्लास्क एक.

काचताईनं ओळ वाचली. शिक्का मारला.

लेक खिडकीशी वाकली. "आई, खरं सांग. राग आलाय ना माझा?"

काचताईनं विचार केला. चष्मा कुठं ठेवला हे आठवावं तसा. टेबलावर नव्हता, खणात नव्हता.

"सापडला की सांगते," ती म्हणाली. "पावती घे. पुढचा."